जोतीराव फुले : अक्षर आधीं कीं अधिकार ?

शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या कांठीं इनामगांव म्हणून एक गांव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें, तेव्हां सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींची शेतकऱ्यांची वस्ती उघडकीस आली. हे लोक जव पिकवीत, गुरें पाळीत, व नदीचें पाणी पाटानें वळवून घेत. वस्तींत पांच खोल्यांचें एक मोठें घर सांपडलें आणि त्याच्या शेजारीं धान्याचें कोठार. अशा घरांत गांवचा नायक राहत असावा, असें संशोधकांचें अनुमान आहे. पाट खणवून घेणें व कोठारांतील धान्याचा कारभार पाहणें हें दुबळ्या मनुष्याचें काम नव्हे. तो पुरुष करारी असला पाहिजे. परंतु त्याचें नांव काय, हें कोणासही सांगतां येणार नाहीं. कारण त्या लोकांपाशीं अक्षर नव्हतें. इसवी सनापूर्वीं सुमारें ७०० वर्षें तें गांव ओस पडलें, आणि नायकाच्या घराच्या भिंतींचा पाया तेवढा मातीखालीं राहिला.

प्रिय वाचकहो, गांवच्या पारावर व चावडीपुढें जें बोलणें चालतें, त्यांत एक वाद आम्ही वारंवार ऐकतों. कोणी म्हणतो, देश वर यावयास एक खंबीर पुढारी पाहिजे. लोकांना शहाणें करीत बसलें तर जन्म जाईल. दुसरा म्हणतो, आधीं शाळा, मग बाकीचें सर्व. आमच्या मंडळ्यांतूनही पंच निवडावयाच्या वेळीं हाच प्रश्न लहान रूपानें उभा राहतो. ज्या पुरुषानें हा प्रश्न आपल्याच पुणें जिल्ह्यांत स्वतःच्या आयुष्यानें सोडवून पाहिला, त्याचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सांगणार आहों.

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म १८२७ सालीं पुण्यांत माळी कुळांत झाला. पेशवाई बुडून तेव्हां नऊच वर्षें झालीं होतीं. थोरल्या माधवराव पेशव्यांसारखा कर्ता धनी ह्या प्रांतानें पाहिला होता. परंतु ते १७७२ सालीं थेऊर येथें वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं वारले, आणि वर्ष पुरें होण्याच्या आंत त्यांच्या धाकट्या भावाचा शनिवारवाड्यांत खून झाला. एका मनुष्याच्या श्वासावर टेकलेलें राज्य तो श्वास थांबतांच कसें डळमळतें, हें पुण्याच्या वृद्धांस ठाऊक होतें. जोतीरावांचे वाडवडील पेशव्यांच्या घरीं फुलें पुरवीत. त्यावरून फुले हें आडनांव पडलें.

आई चिमणाबाई मूल लहान असतांनाच वारली. बापानें मुलास मराठी शाळेंत घातलें, पण जातभाईंच्या व परक्यांच्या बोलण्यास भिऊन पुन्हां काढलें व मळ्यांत खुरपें हातीं दिलें. पुढें गफार बेग मुनशी नांवाचे मुसलमान शेजारी व लिजिट नांवाचे साहेब ह्या दोघांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. त्यापूर्वीं एक वर्ष त्यांचा विवाह नायगांवच्या सावित्रीबाईंशीं झाला होता.

तरुणपणीं जोतीरावांचा ओढा शाळा काढण्याकडे नव्हता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. लहुजी वस्ताद साळवे यांच्या आखाड्यांत ते दांडपट्टा व निशाणबाजी शिकत होते. शिवाजी महाराजांचें व अमेरिकेच्या वॉशिंग्टनचें चरित्र त्यांनीं वाचलें होतें, आणि हत्याराच्या बळानें इंग्रजांचें राज्य घालवावें असें त्यांच्या मनांत घोळत होतें. म्हणजे पारावरील पहिल्या मनुष्याचें मत तेंच ह्या तरुणाचें मत होतें. त्यास वळण कशानें लागलें ?

१८४८ सालीं एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत ते चालले असतां, माळ्याच्या मुलानें आमच्या बरोबरीनें चालावें काय, म्हणून त्यांचा सर्वांदेखत पाणउतारा झाला. ते घरीं परतले. बापानें समजूत घातली ती अशी कीं, पेशवाई असती तर याहून कडक शिक्षा झाली असती, तेव्हां गप्प बसावें. जोतीरावांस अपमान तर लागलाच. परंतु आपला बाप तो अपमान योग्य समजतो, ही गोष्ट अधिक लागली असावी, असें आम्हांस वाटतें. इंग्रज उद्यां गेला तरी बापाच्या मनांतील हा धाक कोण घालवील ? दांडपट्ट्यानें तो तुटण्यासारखा नव्हता.

त्याच सुमारास ते आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास गेले. तेथें अमेरिकन मिशनच्या मिस फरार बाई मुलींच्या शाळा चालवीत. ह्या बाई १८२७ सालीं, म्हणजे जोतीराव जन्मले त्याच वर्षीं, ह्या देशांत आल्या होत्या. पाटीवर अक्षरें गिरवणाऱ्या त्या मुली पाहून जोतीराव पुण्यास आले, आणि १८४८ सालीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंस त्यांनीं स्वतः शिकविलें व पुढें त्या शिक्षिका झाल्या. त्या शाळेंत जातांना लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकीत. १८४९ सालीं बापानें लोकांच्या भयानें मुलास व सुनेस घराबाहेर काढलें. उस्मान शेख यांनीं त्यांस आपल्या घरीं आसरा दिला. अस्पृश्य गणलेल्यांच्या मुलांसाठींही शाळा निघाल्या. मुलें गोळा करून आणण्याच्या कामीं लहुजी वस्तादांचें साह्य झालें, ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटते. आखाड्याचा गुरु आपल्या शिष्याच्या शाळेचा हस्तक झाला.

१८५२ सालीं विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी साहेबांच्या हस्तें सरकारनें जोतीरावांस शालजोडी दिली. परंतु शालजोडीहून मोठी पावती त्यांस १८५५ सालीं मिळाली असें आम्ही समजतों. त्या वर्षीं ज्ञानोदय पत्रांत मुक्ता नांवाच्या, सुमारें चौदा वर्षांच्या, मातंग जातीच्या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीरावांच्या शाळेंत तीनच वर्षें शिकली होती. आपल्या लोकांवर पेशवाईंत काय काय जुलूम झाले, आमचा धर्म कोणता तो तरी सांगा, हें तिनें सर्व महाराष्ट्रास विचारलें. साडेतीन हजार वर्षें ज्यांचें नांव कोणी लिहिलें नाहीं, त्यांतील एका मुलीनें स्वतःच्या हातानें लिहिलें. तिच्या आजोबा-पणजोबांस चांगले धनी भेटले असतील, वाईटही भेटले असतील. पण त्यांपैकीं कोणाच्याही राज्यांत तिच्या घरच्यांस आपलें गाऱ्हाणें कागदावर मांडतां आलें नव्हतें.

त्याच वर्षीं जोतीरावांनीं मजूर व शेतकरी यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली. पुढें अनाथ बालकांसाठीं गृह, आपल्या वाड्यांतील पाण्याचा हौद सर्व जातींस मोकळा करणें, १८७३ सालीं सत्यशोधक समाजाची स्थापना, पुण्याच्या नगरपालिकेंत सभासद म्हणून कांहीं वर्षें सेवा, हीं कामें झालीं. पोटासाठीं ते बांधकामाचे ठेके घेत. मिशनरी लोकांच्या शाळांविषयीं त्यांनीं नेहमीं कृतज्ञतेनें लिहिलें, तरी त्यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. आमच्यांतील जुन्या लोकांस ह्याचें वाईट वाटे. त्यांचा निर्णय त्यांचा होता. त्यांची लेखणी तिखट होती, व प्राचीन इतिहासाविषयीं त्यांनीं जें लिहिलें तें सर्वच आजचे विद्वान मान्य करीत नाहींत, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

येथें कोणी विचारील, जोतीरावांस थोर पुढाऱ्याचें मोल कळत नव्हतें काय ? पुरतें कळत होतें. १८६९ सालीं त्यांनींच शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून छापला, आणि त्यांत महाराजांस रयतेचा राजा म्हणून गौरविलें. परंतु असा राजा मागून मिळत नाहीं. आणि मिळाला तरी त्याच्यामागें कारभार ज्यांस लिहितां येतें त्यांच्याच हातीं जातो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

ह्याचा दाखला आपल्याच तालुक्यांत घडला. शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवीं १८७४ सालच्या अखेरीस कुणब्यांनीं सावकारांवर बहिष्कार घातला. आणि १२ मे १८७५ रोजीं भीमथडीच्या सुपें गांवीं बाजारच्या दिवशीं दंगा होऊन तो पुणें व नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गांवीं पसरला. दंगेकऱ्यांचा रोख मनुष्यांच्या जिवावर फारसा नव्हता. ते रोखे व खातेवह्या मागत आणि त्यांची होळी करीत. विचार करा, आपल्यास जें वाचतां येत नाहीं तें जाळणें, एवढाच उपाय त्यांच्या हातीं होता ! कर्ज किती, व्याज किती, अंगठा कशावर उठला, हें त्यांतील बहुतेकांस सांगतां आलें नसतें. गांवोगांव दंग्यास पुढारी मिळाले, धीटही मिळाले. पुढें सरकारनें चौकशी केली व १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यांत कुणब्याचे रोखे सरकारी अंमलदारासमोर लिहिण्याची तजवीज होती. कायदा उपयोगी होता, ह्यांत शंका नाहीं. तरी वाचणारा अंमलदारच. कुणबी पूर्वींप्रमाणें ऐकणाराच राहिला.

१८८२ सालीं हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें जोतीरावांनीं आपलें निवेदन दिलें, तें ह्याच दुखण्यावर आहे. सरकारचा बहुतेक वसूल रयतेच्या घामांतून येतो, पण खर्च वरच्या वर्गांच्या मोठ्या शिक्षणावर होतो, ही त्यांची मुख्य तक्रार. वर शिकलेल्यांपासून विद्या आपोआप खालीं झिरपेल, ह्या समजुतीवर त्यांचा विश्वास नव्हता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, असें त्यांनीं मागितलें. गांवच्या शाळेंत मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास व भूगोल, शेतकी, आरोग्य व नीति शिकवावी. मास्तर शक्य तो शेतकरी वर्गांतील असावा, ज्यास गरज पडल्यास नांगर धरण्याची लाज वाटणार नाहीं. आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. आमच्या उपदेशक बंधूंनीं हें शेवटचें कलम ध्यानांत घ्यावें. मास्तराची भाकर किती, येथवर ज्याची नजर पोंचली तो केवळ व्याख्यान देणारा सुधारक नव्हता.

कमिशनानें सक्तीची मागणी मान्य केली नाहीं. आणि येथें पारावरील पहिल्या मनुष्याचा मुद्दाही आम्ही प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. जोतीरावांच्या स्वतःच्या शाळांस १८५७ च्या बंडानंतर मदत आटली व पुढें त्या मंदावल्या. नुसत्या कळकळीनें शाळेचें छप्पर शाकारलें जात नाहीं. पैसा व हुकूम लागतो. ज्याच्या हातीं हुकूम होता अशा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत व १९०६ सालीं सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं तोच मार्ग धरला. तर मग अधिकारच श्रेष्ठ ठरला काय ?

आम्हांस तसें वाटत नाहीं. सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचे शेतकऱ्याचे मूल. सुप्याचा दंगा झाला त्याच मे १८७५ महिन्यांत ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. वय बारा, आणि लिहितांवाचतां येत नव्हतें. प्रथम त्यांस गुरूपुढें बसविलें, पाटी हातीं दिली, आणि १८८१ सालीं कारभार दिला. राजा आधीं विद्यार्थी झाला, म्हणून त्यास शाळेचें मोल कळलें. अशिक्षित ठेवून गादीवर बसविला असता तर तोही करारी निघाला असता. परंतु त्याच्या करारीपणाचा उपयोग कोणीं केला असता हें सांगणें कठीण आहे. जोतीरावांचा त्यांच्याशीं परिचय होता, व शेतकऱ्याच्या स्थितीवरील आपला ग्रंथ त्यांनीं बडोद्यास जाऊन महाराजांस वाचून दाखविला होता. हुकूम देणारा हात व तो हुकूम सुचविणारें अक्षर यांची अशी गांठ पडली.

१८८८ सालीं राणीसाहेबांचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यास असतां त्यांच्या मेजवानीस जोतीराव कुणब्याच्या वेषांत गेले. जडजवाहीर घालून बसलेले हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत पाहावयाची असेल तर खेड्यांत जावें, आणि तिच्यासाठीं शिक्षणाची सोय करावी, अशा अर्थाचें त्यांनीं राजपुत्रास सांगितलें. त्याच वर्षीं अर्धांगवायूनें त्यांचा उजवा हात गेला. उरलेला ग्रंथ त्यांनीं डाव्या हातानें लिहिला.

त्याच्या आदल्या वर्षीं त्यांनीं आपलें मृत्युपत्र केलें होतें. त्यांस पोटचें मूल नव्हतें; एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनीं १८७४ सालीं दत्तक घेतला होता. मृत्युपत्रांत त्यांनीं लिहून ठेविलें कीं, यशवंत शिकला नाहीं व उनाड निघाला, तर सावित्रीबाईंनीं त्यास सोडून माळी, कुणबी, धनगर आदि जातींतील जो मुलगा हुशार व लायक असेल त्यास वारस करावें. घरच्या गादीसही त्यांनीं हीच अट घातली.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. भाऊबंदांनीं तंटा मांडला, तेव्हां सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें धरून प्रेतापुढें चालल्या. यशवंत शिकून डॉक्टर झाला. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगची सांथ आली असतां त्यानें हडपसरजवळ रोग्यांसाठीं दवाखाना उघडला, व सावित्रीबाईंनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन तेथें पोंचविलें. मुलगा वांचला. बाईंस प्लेगनें गांठलें, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या.