उसाला नवे वाण देणारे वेंकटरामन

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात ऊस अमाप पिकत होता. साखर मात्र जावाहून येत होती. उत्तर भारतातील देशी ऊस काटक, पण बारीक आणि कमी उताऱ्याचा. दक्षिणेतील जाड, रसाळ ऊस उत्तरेच्या थंडीत तग धरत नसे. ही कोंडी फोडण्याचे श्रेय सर टी. एस. वेंकटरामन (१८८४-१९६३) यांच्याकडे जाते.

कोईमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. डॉ. चार्ल्स बार्बर त्याचे प्रमुख होते आणि वेंकटरामन त्यांचे सहायक. शेतकरी उसाची लागवड डोळे असलेल्या टिपऱ्यांपासून करतो. त्यामुळे मूळ उसाचे गुणदोष जसेच्या तसे पुढे जातात. नवा वाण हवा असेल तर तुऱ्यातील बीच रुजवावे लागते. कोईमतूरच्या हवामानात असे बी धरते, म्हणूनच केंद्रासाठी या गावाची निवड झाली.

तेथे 'वेल्लाई' या जाड उसाचा उसाच्याच कुळातील रानटी गवताशी संकर झाला आणि १९१८ मध्ये 'को. २०५' हा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. 'को.' म्हणजे कोईमतूर. पंजाबात या वाणाने देशी उसाच्या सुमारे दीडपट उत्पन्न दिले. मात्र रानटी रक्तामुळे काटकपणाबरोबर कठीण साल आणि जादा चोथाही आला. १९१९ पासून केंद्राची धुरा सांभाळणाऱ्या वेंकटरामन यांनी पुढील संकरांत गोडी आणि काटकपणा यांचा मेळ घातला. वाणाची पारख करताना ते मुळांचाही बारकाईने अभ्यास करीत.

१९३२ च्या संरक्षण कायद्याने साखर उद्योगाला आधार मिळाला. तिशीच्या आसपास असलेले कारखाने काही वर्षांतच सव्वाशेपलीकडे गेले. त्यांना लागणारा ऊस प्रामुख्याने कोईमतूरच्या वाणांनी पुरवला आणि जावाची आयात जवळजवळ थांबली. तथापि १९३८ नंतर पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमध्ये 'को. २१३' लाल कूज रोगाला बळी पडला. रोगट बेण्यातूनही हा रोग पसरतो. एकाच वाणावर सारी शेते सोपवण्यातील धोका त्या वेळी स्पष्ट झाला.

महाराष्ट्राच्या कालव्यांखालील पट्ट्यात पूर्वी 'पुंड्या' ऊस घेतला जाई. त्याची जागा 'को. ४१९'ने घेतली. पुढे 'को. ७४०' आणि त्यानंतर 'को. ८६०३२' आला. आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, हे ठरवताना येथील शेतकरी वाणाचाही विचार करतो. कारण हंगाम, वाण आणि निरोगी बेणे यांवरच वजन व उतारा अवलंबून असतो.

१९३७ मध्ये वेंकटरामन भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झाले. १९४२ साली ते निवृत्त झाले. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६३ साली त्यांचे निधन झाले. आजही नव्या वाणाच्या नावाआधी 'को.' ही अक्षरे लागतात.