वैमानिक जहांगीर इंजिनियर

कोसाड काय किंवा सुरत काय, गुजरातेत घर केलेल्या आम्हा मराठी लोकांना बळवंतराय मेहता हे नाव परिचयाचे आहे. पंचायत राज्याचा पाया सुचविणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते व १९६३ साली गुजरातचे मुख्यमंत्री झाले. १९६५ च्या युद्धात त्यांचे विमान पाडण्यात आले, हेही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ते विमान चालवीत कोण होते, असे विचारल्यास बहुतेक जण गप्प बसतात. त्या वैमानिकाचे आज आपण स्मरण करू या.

जहांगीर इंजिनियर हे पारशी घराण्यातील. त्यांचे घरच वैमानिकांचे होते. चौघे भाऊ हवाई दलात गेले. त्यांपैकी अस्पी हे १९६० ते १९६४ पर्यंत हवाई दलाचे प्रमुख होते. जहांगीर पुढे गुजरात सरकारचे मुख्य वैमानिक झाले.

१९ सप्टेंबर १९६५ रोजी ते मुख्यमंत्र्यांना घेऊन मिठापूरहून कच्छच्या सीमेकडे निघाले. विमान लहानसे बीचक्राफ्ट; त्यावर एकही बंदूक नव्हती. वाटेत पाकिस्तानी लढाऊ विमानाने त्यांना गाठले. त्याचे वैमानिक कैस हुसेन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, जहांगीर यांनी पंख हलवून दयेची खूण केली. हुसेन यांनी खालून हुकूम मागितला. गोळ्या झाडण्याचा हुकूम आला. सुथरी गावाजवळ विमान कोसळले. मुख्यमंत्री, त्यांच्या पत्नी सरोजबेन, तीन कर्मचारी, एक पत्रकार व विमानावरील दोघे असे आठही जण मरण पावले. त्यानंतर चारच दिवसांत युद्ध थांबले.

शेहेचाळीस वर्षे गेली. २०११ साली हुसेन यांनी जहांगीर यांच्या कन्येला ईमेलने पत्र पाठवून दुःख व्यक्त केले. आपण हुकूम पाळला, हेही त्यांनी लिहिले. कन्येने उत्तर दिले. घरात त्या माणसाविषयी द्वेष कधीच नव्हता, युद्धात सारेच प्यादी होते, असा त्याचा आशय होता.

त्या उत्तराने गेलेले आठ जीव परत आले नाहीत, आणि निःशस्त्र विमान पाडणे योग्यही ठरले नाही. क्षमा म्हणजे झालेले झाकणे नव्हे. घाव खरा असतानाच ती करावी लागते. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना युद्धातील शौर्याच्या गोष्टी सांगताना बापाचे कर्तव्य व लेकीचे उत्तर, दोन्ही सांगावे, असे आम्हांस वाटते.