सक्तीचा कायदा आणि पुस्तकांच्या पेट्या : महाराजा सयाजीराव गायकवाड

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं एक लहान गाव आहे. ११ मार्च १८६३ रोजी तिथल्या काशीराव गायकवाड आणि उमाबाई यांच्या पोटी एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं गोपाळ. घर शेतकऱ्याचं. बडोद्याच्या गायकवाड राजघराण्याशी भाऊबंदकीचं लांबचं नातं होतं, पण त्या नात्याचा रोजच्या जगण्यात काही उपयोग नव्हता. गोपाळ बारा वर्षांचा होईपर्यंत लिहिण्यावाचण्याशी त्याचा संबंध जवळजवळ आलाच नाही.

पालकहो, हे वय मुद्दाम लक्षात ठेवा. आपल्याकडे सातव्या वर्षी मूल वाचत नसलं तरी घरात काळजी सुरू होते. इथे बारा वर्षांचं पोर, पाटी-पेन्सिलीची सवय नाही, आणि त्याच्यावर पुढे साधारण वीस लाख लोकांच्या राज्याचा कारभार यायचा होता.

झालं असं, की बडोद्याच्या मल्हारराव महाराजांना इंग्रजांनी १८७५ साली गादीवरून दूर केलं. आधीच्या खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. मग कवळाण्याची तीन मुलं बडोद्याला नेली गेली. त्या वेळची एक गोष्ट अजून सांगितली जाते. इथे कशाला आलास, असं विचारल्यावर बाकीची मुलं गोंधळली आणि गोपाळनं मात्र राज्य करायला आलो असं ठणकावून सांगितलं. गोष्ट खरी की मागाहून रंगवलेली, देव जाणे! २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळचा सयाजीराव झाला, एवढं मात्र नक्की.

त्यानंतर सहा वर्षं त्याचं शिक्षण चाललं. एफ. ए. एच. इलियट नावाचे इंग्रज सनदी अधिकारी त्याचे शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू, गणित, इतिहास असं सगळं एकदम सुरू झालं. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर स्वतंत्र पाठ दिले. उशिरा सुरुवात केलेल्या मुलाला चांगला शिक्षक, ठरलेली वेळ आणि अभ्यासाची जागा मिळाली तर तो किती अंतर भरून काढू शकतो, ते इथं दिसतं. अर्थात हे सगळं एका मुलासाठी होतं, आणि त्याच्यामागे राज्याची तिजोरी उभी होती. २८ डिसेंबर १८८१ रोजी पूर्ण अधिकार मिळाले तेव्हा सयाजीराव अठरा वर्षांचे होते. कवळाण्यात मागे राहिलेल्या आपल्या सोबत्यांसारख्या लाखो मुलांचं काय, हा प्रश्न पुढे त्यांच्या कारभारात सतत दिसत राहिला.

त्याच सुमारास पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं होतं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी इंग्रज सरकारनं मनावर घेतली नाही. इंग्लंडमध्ये १८८० पासून मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं झालं होतं, पण तोच नियम इथं लावायची वेळ आली की खर्च, लोकांची तयारी, शिक्षकांचा तुटवडा अशी कारणं पुढे यायची. ही कारणं खोटी नव्हती, पण ती सोयीची होती हेही खरं.

सयाजीरावांनी १८९३ मध्ये प्रयोग केला. बडोदे संस्थान सलग नव्हतं. तुकड्यातुकड्यांनी गुजरात-काठेवाडात पसरलेलं होतं. त्यातला दूरचा तुकडा म्हणजे अमरेली. तिथली दहा गावं निवडली आणि तिथं शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलांसाठी वय सात ते बारा, मुलींसाठी सात ते दहा. मुलींची वर्षं कमी ठेवली याचं आज वाईट वाटतं. पण त्या काळात मुलींवर शिक्षणाची सक्ती करणं हेच मोठं धाडस होतं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड.

मला इथं सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मधली तेरा वर्षं. कायदा एका दमात सगळ्या संस्थानात लावला नाही. आधी दहा गावं, मग हळूहळू आसपासची. दरम्यान शाळा किती लागतील, शिक्षक कुठून आणायचे, खर्च किती येतो याचा अंदाज येत गेला. मध्ये १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ येऊन गेला. गुजरातला त्यानं असं झोडपलं की माणसं आणि गुरं दोन्ही मेली. तरी १९०६ साली सक्तीचा आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा सगळ्या संस्थानाला लागू झाला. वरून जीआर आला की दुसऱ्या सोमवारपासून अंमलबजावणी, अशी सवय असलेल्या आपल्या शिक्षक मंडळींना ही तेरा वर्षं जास्त समजतील.

कायदा आला म्हणून पोरं वर्गात येऊन बसली असं झालं नाही. शेतकरी घरात आठ वर्षांचं मूल म्हणजे गुरं राखणारे दोन हात. मुलगी म्हणजे धाकट्या भावंडाला कडेवर घेणारी, पाणी भरणारी. दंडाच्या नोटिसा मोठ्या संख्येनं निघत. कित्येक पालक दंड भरत आणि मूल घरीच ठेवत, कारण त्यांच्या हिशेबात दंड स्वस्त पडायचा. गरीब माणसाकडून शिक्षणाच्या नावाखाली पैसे काढता, अशी टीका तेव्हाही झाली, आणि ती पूर्ण चुकीची म्हणता येणार नाही. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचं मूल नोव्हेंबरात पटावर असतं आणि वर्गात नसतं, हे आपण बघतोच. त्या बापाला दंड करून काय साधणार?

मुलींच्या शाळेआड लग्न येत होतं. नऊ-दहाव्या वर्षी मुलगी सासरी जाणार असेल तर तिला तिसरी-चौथी कोण शिकू देईल? १९०४ मध्ये बडोद्यानं बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला. मुलीचं किमान वय बारा, मुलाचं सोळा. आज हे आकडे वाचून आपल्याला धक्का बसतो, पण शाळेचा कायदा आणि लग्नाचा कायदा एकमेकांना धरून आहेत हे त्या दरबारात कुणाला तरी कळलं होतं. मुलींना शिकवायला बायका हव्यात म्हणून शिक्षिका तयार करण्याची सोयही बडोद्यात झाली.

आता जातीचं बघा. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी सयाजीरावांनी कारकिर्दीच्या सुरुवातीलाच, १८८० च्या दशकात, सरकारी शाळा काढल्या. शाळा निघाल्या, इमारत मिळाली, पैसा मंजूर झाला. पण शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. मग मुसलमान शिक्षक नेमले गेले आणि पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांच्याकडे हे काम सोपवलं गेलं. या मुलांसाठी वसतिगृहंही काढली. शाळा वेगळ्याच होत्या, ही त्यातली उणीव. एकत्र बसवायची हिंमत तेव्हा दरबारालाही झाली नाही.

याच धोरणाचा सगळ्यात मोठा लाभ एका महाराष्ट्रीय विद्यार्थ्याला झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना बी.ए.साठी बडोद्याकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. अट एकच, शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. १९१७ मध्ये बाबासाहेब परतले आणि अटीप्रमाणे बडोद्यात रुजू झाले. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी सराईत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले. ज्या राजानं त्यांना शिकवलं त्याच्याच राजधानीत हे घडलं. खजिन्यातून शिष्यवृत्ती देता आली, शेजाऱ्याचं मन मात्र हुकमानं बदलता आलं नाही. सयाजीरावांचं चरित्र सांगताना पुष्कळदा शिष्यवृत्तीपाशी थांबतात आणि सराईचा प्रसंग गाळतात. वर्गात सांगताना तसं करू नये असं मला वाटतं.

परत प्राथमिक शाळेकडे येऊ. सक्तीची वर्षं संपवून मूल बाहेर पडलं की पुढे काय? ते शेतात जायचं, सुताराच्या हाताखाली जायचं, मुलगी सासरी जायची. घरात वाचायला एक कागद नाही. दोन-चार वर्षांत अक्षरं पुसट व्हायची आणि सही करण्यापुरतं नाव उरायचं, कधी तेही नाही. एवढा खर्च करून घडवलेली साक्षरता अशी हातातून गळत होती. हजेरीपत्रकात हे कधीच दिसत नाही, कारण मूल तोवर पटावरून कमी झालेलं असतं. सयाजीरावांचं मोठेपण मला इथं दिसतं. शाळा सोडल्यानंतरच्या मुलाकडे बघायचं त्यांना सुचलं. आपण पास-नापास, फार तर शाळागळती मोजतो. दहा वर्षांपूर्वी चौथी झालेला आज काय वाचतो, हे किती शाळा विचारतात?

१९०६ साली ते अमेरिकेला गेले. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं, कुणीही आत जाऊन पुस्तक हाताळावं आणि फुकट घरी न्यावं अशी व्यवस्था त्यांनी बघितली. १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्याला आणलं. बोर्डन तीन वर्षं राहिले. राजवाड्यातली पुस्तकं बाहेर आली, बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपालांना शिकवायचा वर्ग सुरू झाला आणि संस्थानात ग्रंथालयाचं स्वतंत्र खातं झालं.

खेड्यात ग्रंथालय काढायचा हिशेब साधा होता. गावानं ठरावीक वर्गणी जमवायची. तेवढीच रक्कम सरकार घालणार आणि तेवढीच प्रांत पंचायत. तिघांचा सारखा वाटा. आपला पैसा गेलेला असल्यामुळे गाव त्या कपाटाकडे आपलं म्हणून बघायचं. मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक सरकारी खातं निघण्याआधीपासूनच खेड्यांत वाचनालयं काढत होते. त्यांना या कामात घेतलं, आणि मला वाटतं खात्याचा अर्धा जीव त्यामुळेच टिकला. जिथं वाचनालय निघू शकत नव्हतं तिथं पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. पेटी गावात यायची, शाळामास्तर किंवा गावातला कुणी जाणता माणूस ती सांभाळायचा, लोक वाचायचे, मग पेटी परत जाऊन दुसरी यायची. ज्यांना अजिबात वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रं आणि पुढे सिनेमा दाखवणारी शाखा निघाली. वाचायला सोपी पुस्तकंच नाहीत म्हटल्यावर मराठी-गुजरातीत ग्रंथमाला काढल्या, त्यात मुलांसाठी वेगळी मालाही होती.

बडोद्याचा दाखला बाहेरही पोचला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा एका देशी संस्थानाला हे जमतं हा आधार त्यांच्या हाताशी होता. १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक पडलं. विरोध करणाऱ्यांत इंग्रज अधिकारी होते तसे आपले जमीनदारही होते. शेतमजुराचं पोर शिकलं तर राबायला कोण येणार ही धास्ती त्यांनाही होती. पण १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, आणि १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना तसा अधिकार मिळाला.

आणि निकाल? जनगणनेत बडोदे शेजारच्या इंग्रजी मुलखाच्या पुढे गेलं. तरी त्रावणकोर आणि कोचीन त्याच्याही पुढे राहिली, आणि त्रावणकोरात त्या काळात बडोद्यासारखी सक्ती नव्हती. तिथं मिशनच्या शाळा, सरकारी अनुदान आणि खालच्या मानलेल्या जातींची स्वतःची शिकायची ओढ यांनी काम केलं होतं. सक्तीचे कट्टर समर्थक ही तुलना टाळतात. मला उलट वाटतं, पेट्या आणि वाचनालयांकडे वळलेल्या सयाजीरावांना दंडाची मर्यादा आपल्यापेक्षा लवकर उमगली होती.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. गादीवर बसल्याला त्रेसष्ट वर्षं झाली होती. दहा वर्षांनी, १९४९ साली, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. तोवर संस्थानातल्या शेकडो खेड्यांत वाचनालयं उघडलेली होती.