आरसी बगी, काळी माती आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

समजा, व्हिडिओ बघून तुम्ही १/१० स्केलची आरसी बगी घेतली. बॅटरी फुल चार्ज केली आणि कुरुंदवाडला नदीकाठच्या मळीत गाडी सोडली. पहिल्याच वळणावर ती उलटली. सरळ केली, तर थोड्या वेळात चाकात चिखल अडकून थांबली. व्हिडिओत तर हीच गाडी मस्त उड्या मारत होती! मग गाडी खराब आहे का? बहुतेक वेळा नाही. व्हिडिओतली माती वेगळी होती आणि गाडीचा सेटअप त्या मातीसाठी केलेला होता.

साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाला असाच धडा शिकावा लागला होता, फक्त त्याचं मशीन खेळण्यातलं नव्हतं. त्याचं आडनाव तुम्ही विहिरीवरच्या पंपावर नक्की वाचलं असेल. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

चित्रकार व्हायचं होतं

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेची ओढ असल्यामुळे ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. म्हणजे रंगांधळेपणा. चित्रकार होण्याचं स्वप्न तिथेच संपलं.

पण यंत्रांच्या ड्रॉइंगला रंग लागत नाहीत, लागतात रेषा आणि मापं. लक्ष्मणराव तिकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचं व्हीजेटीआय) शिकवायला लागले. तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताखालून गेली. कुठला भाग कशासाठी आहे, कुठे झिजतो, कसा बसवायचा, हे त्यांनी प्रत्यक्ष काम करून शिकून घेतलं.

त्या काळचं गॅजेट: सायकल

नोकरी मुंबईत असली तरी धंदा बेळगावात सुरू झाला. भाऊ रामूअण्णा तिथे सायकली विकायचे, लक्ष्मणराव मुंबईहून त्या पाठवायचे. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून धरतो, ती याच धंद्यातून. तेव्हा सायकल ही नवी आणि महाग वस्तू होती. गिऱ्हाइकाला ती विकून भागत नसे, चालवायलाही शिकवावी लागे.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. आता महिन्याचा पगार नव्हता. आधार होता तो सायकलच्या दुकानाचा आणि हातातल्या कसबाचा.

जो नांगर कुणी घेईना

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं, नंतर लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन चिरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलटी करतो. परदेशी नांगर बाजारात होते, पण महाग. शिवाय आपल्याकडे ओढायला बैल, आणि माती काळी, चिकट, उन्हात दगडासारखी होणारी. इथल्या शेतकऱ्याला परवडेल आणि इथल्या रानात चालेल असा नांगर हवा होता.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडामुळे जमिनीत विष उतरतं, अशी समजूत पसरलेली होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. विचार करा, पैसा मालात अडकलाय, माल गोदामात पडलाय आणि लोक हात लावायला तयार नाहीत. तरीही त्यांनी नांगर सोडला नाही. ज्यांनी तो रानात चालताना पाहिला, त्यांची भीती हळूहळू गेली.

जागा गेली, मग माळरान मिळालं

धंदा कुठे रुळतोय तोच बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. सगळं उचलायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये कर्जही. जमीन म्हणजे निवडुंगाचं माळरान, सापांचा सुळसुळाट. लक्ष्मणराव आपले कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथे गेले. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुणे-मिरज रेल्वेने गेलात तर हे स्टेशन आजही लागतं.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि लोखंड मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, पडून असलेल्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले!

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. नांगरामागून पंप आले आणि कृष्णाकाठच्या शेतांत पाणी चढू लागलं. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्याने तिकीट काढलं.

आता तुमच्या बगीकडे येऊ

नांगर काय आणि बगी काय, मशीन मातीशी जुळवावं लागतं. सुरुवात इथून करा:

- टायर: भुसभुशीत मातीत उंच पिनांचे, टणक जमिनीवर बारीक पिनांचे.
- जमिनीपासून उंची: ढेकळांच्या रानात गाडी उंच ठेवा, सपाट जागेवर खाली आणा. उंच गाडी वळणावर लवकर उलटते, म्हणून एका वेळी १-२ मिमीच बदला.
- शॉकचं ऑइल: उन्हात ते पातळ होतं. एप्रिल-मेमध्ये थोडं जाड ऑइल घाला.
- गिअर: पिनियन आणि स्पर गिअर बसवताना मधे कागदाची पट्टी घाला, स्क्रू घट्ट करा, मग पट्टी काढा. योग्य फट मिळते.
- रेडिओ: चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. नाहीतर गाडी सुसाट सुटू शकते.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि फोनमध्ये नोंद ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला हे कळणारच नाही.

चालवून झालं की माती वाळू द्या आणि ब्रशने झाडा. जोराच्या पाण्याने धुऊ नका, बेअरिंगमध्ये आणि ईएससीमध्ये पाणी शिरतं. चाक हाताने फिरवून बघा, खरखर आली तर बेअरिंग साफ करा किंवा बदला. धातूत बसणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक लावा. लिपो बॅटरी काही दिवस वापरणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नका आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.

पहिल्या दिवशी गाडी उलटली म्हणून ती विकायला काढू नका. लक्ष्मणरावांचा नांगर दोन वर्षं पडून होता. तुम्ही निदान दोन रविवार तरी द्या.