केडगावच्या माळावरचा आनंद



कुरकुंभहून पुण्याच्या दिशेने निघालो की पाटस मागे टाकून आपण चौफुल्याला येतो. तिथून उजवीकडे वळले की केडगाव. आपल्याच दौंड तालुक्यातील या गावी पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती मिशन’ आहे. आपल्यातील बरेच जण त्या फाट्यावरून नेहमी ये-जा करतात, परंतु तिथे राहिलेल्या या स्त्रीच्या जीवनाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आज तिच्याविषयी लिहिण्याचे कारण एकच. ख्रिस्ती माणसाचा आनंद कशावर उभा असतो आणि तो टिकतो कसा, हे रमाबाईंच्या जीवनात स्पष्ट दिसते.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या, त्या अँग्लिकन पंथात ख्रिस्ती झाल्या. परंतु इतर पंथांच्या ख्रिस्ती बांधवांमध्ये पवित्र आत्म्याने जी कृपा केली, तिच्यामुळे आपलीही उभारणी होऊ शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्यावरील आदेशपत्रात शिकवले आहे. त्याच भावनेने आपण या शेजारणीकडे पाहू या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये अशी त्या काळाची रीत असताना त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकवले आणि आईने ते रमाला दिले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव फिरे. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण ही तिघे उपासमारीने व आजाराने गेली. मागे राहिली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे शेकडो कोस पायी चालले. उत्तरेकडील थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून जमिनीत खड्डे खणून त्यांत त्यांनी रात्री काढल्या.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तरुण रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने दगावले. वयाच्या चोविसाव्या वर्षाआधीच रमाबाई विधवा झाल्या होत्या आणि कडेवर लहान मूल होते.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करीत. ते काम पाहून रमाबाईंचे मन हलले आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह स्नानसंस्कार घेतला. पुढे अमेरिकेत मदत जमवून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास हलले.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट यापुढे आहे. स्नानसंस्कार होऊन सुमारे आठ वर्षे लोटली होती. ख्रिस्ती धर्माची शिकवण रमाबाईंना पटली होती, काम चांगले चालले होते, नाव झाले होते. तरी अंतःकरणात समाधान नव्हते. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना जाणवले आणि त्यांनी ते पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहून ठेवले. आपल्या पुण्याईवर आणि विद्वत्तेवर विसंबणे सोडून त्यांनी स्वतःला प्रभू येशूच्या हाती सोपवले, तेव्हा त्यांना खरा आनंद लाभला.

बंधू-भगिनींनो, इथे आपण जरा थांबले पाहिजे. आपल्या घरी स्नानसंस्काराचा दाखला आहे, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर आहे, रविवारी आपण मिस्साला येतो. तरीही परतताना आपले चेहरे जसे आले तसेच का असतात? संस्कारांत कमी काही नाही. परमेश्वराने दिलेली देणगी आपण उघडून पाहिलेलीच नसते. रमाबाईंसारख्या पंडितेलाही ती उघडायला आठ वर्षे लागली, म्हणून आपण निराश होऊ नये. मात्र ती उघडण्याचे काम आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.

आनंद मिळाल्यावर रमाबाईंचे दिवस सुखाचे झाले, असे मात्र घडले नाही. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते, अशी टीका होऊ लागली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. वर्षानुवर्षांचे काम मोडेल अशी वेळ आली. रमाबाई डगमगल्या नाहीत, राहिलेल्या मुलींना घेऊन काम चालू ठेवले. उदास काळात पूर्वी केलेला चांगला निश्चय बदलू नये, प्रार्थना कमी करू नये, असे संत इग्नेशियस यांनी आपल्या आत्मिक साधनेत शिकवले आहे. रमाबाईंनी हेच आचरणात आणले.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमार काय असते हे रमाबाईंना कोणी सांगायला नको होते. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. अमेरिकेतील मंडळाने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन संपत आले होते, म्हणून उत्पन्नासाठी फळबाग लावावी या विचाराने रमाबाईंनी केडगावी सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेतली होती. त्या माळावर मुली तंबूत आणि झोपड्यांत राहिल्या. सप्टेंबर १८९८ मध्ये तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवण्यात मनोरमाबाईंनी पुढाकार घेतला. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना उभारला.

एवढ्या दुःखी जिवांच्या मध्ये राहूनही त्या घरात भजने चालत आणि उपकारस्तुती होई. रमाबाई पहाटे उठून प्रार्थनेला बसत, साधे पांढरे लुगडे नेसत, मुलींसारखेच राहत. उतारवयात त्यांना फार कमी ऐकू येई. तरी त्यांनी आणखी एक मोठे काम अंगावर घेतले. खेड्यातील अडाणी बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल आणावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सुमारे अठरा वर्षे भाषांतर करीत राहिल्या. मुक्तीच्या मुलींनीच त्याचे खिळे जुळवले आणि पाने छापली.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई मिरज येथे वारल्या. संस्था जिच्या हाती सोपवायची ती एकुलती एक मुलगी गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता लेक. रमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले नसेल असे कोण म्हणेल? पण त्या पुन्हा आपल्या बायबलच्या कागदांकडे वळल्या आणि काम पूर्ण करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूघरी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पोप सहावे पौल यांनी १९७५ साली ख्रिस्ती आनंदावर एक पत्र लिहिले. आजच्या जगाने सुखाची साधने पुष्कळ वाढवली, पण आनंद निर्माण करणे त्याला जमत नाही, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. पाळी बदलते, झोप मोडते, कंत्राट संपले तर पुढे काय ही चिंता असते. घरात नवा टीव्ही, दारात मोटारसायकल आली तरी ती चिंता जात नाही. संत पौलाने फिलिपीकरांस आनंदाचे पत्र लिहिले तेव्हा तोही तुरुंगात होता. आनंद परिस्थितीवर उभा असता, तर ते पत्र लिहिलेच गेले नसते.

रमाबाईंपासून आपण तीन गोष्टी घेऊ या. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने करू, मग ती कामाच्या पाळीआधीची पाच मिनिटे का असेनात. दुःखात असताना प्रार्थना, मिस्सा आणि पापनिवेदन सोडायचे नाही, असा निश्चय करू. आणि आपल्याहून अधिक दुःखी असलेल्या एका माणसाची या आठवड्यात विचारपूस करू. आपण एकटे बसून आनंद राखू पाहिला तर तो आटतो, दुसऱ्याच्या ओंजळीत घातला की वाढतो.

केडगावच्या फाट्यावरून यापुढे जाताना त्या माउलीची आठवण ठेवू या आणि प्रभूकडे एवढेच मागू या, की दुःख टळले नाही तरी तुझ्यामधला आमचा आनंद आमच्याकडून सुटू देऊ नकोस. आमेन.