विश्लेषण : गाडीच्या ब्रेकला ‘लायनर’ आले कुठून? बर्था बेन्झ यांच्या १८८८ मधील प्रवासात काय घडले?

पिकअपचे ब्रेक पॅड झिजले की अनेक जण ते घरीच बदलतात. चाक काढायचे, कॅलिपर उघडायचा, जुने पॅड काढून नवे बसवायचे. ब्रेकचा झिजणारा भाग वेगळा असावा आणि तो बदलता यावा, या कल्पनेचे मोटारीच्या इतिहासातील श्रेय बर्था बेन्झ यांना दिले जाते. त्यांना ती सुचली भर रस्त्यात.

बर्था बेन्झ कोण होत्या?

त्यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्झहाइम येथे एका सधन कुटुंबात झाला. १८७२ मध्ये त्यांचा विवाह कार्ल बेन्झ यांच्याशी झाला. कार्ल यांचा धंदा भागीदारामुळे अडचणीत आला होता. तेव्हा लग्नाआधीच बर्था यांनी हुंड्याची रक्कम आगाऊ घेऊन त्यात घातली आणि कारखाना वाचवला. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल यांनी तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोटार तयार झाली, पण गिऱ्हाईक मिळेना. गाडी विकली गेली नसती तर बर्था यांचे पैसेही बुडाले असते.

त्या प्रवासाला का निघाल्या?

ही गाडी लांबचा पल्ला गाठू शकते, हे लोकांना दिसायला हवे होते. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे पतीला न सांगता त्या मॅनहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाल्या. सोबत १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड ही मुले होती. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. तोवर मोटारीने इतक्या लांबचा प्रवास कुणी केला नव्हता.

वाटेत काय बिघडले?

इंधन संपत आले तेव्हा विस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन हे द्रव घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. साखळी एका लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. चढावर इंजिन दमले की मुले गाडी ढकलत.

ब्रेकचे काय झाले?

खरा धोका उतारावर होता. मागच्या चाकांवर लाकडी ठोकळे दाबून गाडी थांबवावी लागे. घर्षणाने ठोकळे झिजले आणि पकड सुटू लागली. बाउश्लोट गावात बर्था यांनी बूट शिवणाऱ्या कारागिराला गाठले आणि ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. चामड्याने चाक घट्ट धरले. झिजले तरी नवे लावणे सोपे होते. हेच जगातले पहिले ब्रेक लायनर मानले जाते.

पुढे काय झाले?

अंधार पडता पडता त्या पोहोचल्या आणि पतीला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परतल्या. त्यांच्या अनुभवावरून चढासाठी गाडीला आणखी एक गिअर दिला गेला. या प्रवासाचा गाजावाजा झाला आणि गाडीवरचा लोकांचा विश्वास वाढला. ९५ वर्षे पूर्ण झाल्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

आज पॅड बदलताना काय लक्षात ठेवावे?

तत्त्व तेच आहे : झिजायचे ते पॅडने, डिस्कने नव्हे. पॅडवरचा थर संपला की लोखंडी पट्टी डिस्क खरवडते आणि खर्च वाढतो. भरलेली पिकअप घाटात असेल तर जिवावरच बेतते.

त्यामुळे पॅड नेहमी एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. काम सपाट जागी करावे, उरलेल्या चाकांना दगड लावावेत आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. ब्रेकची धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक असते. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे. नाहीतर पहिल्याच वेळी ब्रेक लागणार नाही.