एका डोळ्याचा सर्जन, ज्याने जगाला कोंडा खायला लावला

आज बिस्किटांच्या पुड्यावरही ‘हाय फायबर’ असं ठळक छापलेलं असतं. पण ६० वर्षांपूर्वी बहुतेक डॉक्टरही फायबरला नुसता चोथा समजायचे. त्यात पोषण नाही, मग काढून टाकला तर बिघडलं कुठं? हा हिशोब चुकतोय हे जगाला पटवणारा माणूस आहारतज्ज्ञ नव्हता, तर सर्जन होता. नाव डेनिस बर्किट.

बर्किट यांचा जन्म १९११ चा, आयर्लंडमधल्या एनिस्किलनचा. ११ वर्षांचे असताना अपघातात एक डोळा गेला. डब्लिनला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि डॉक्टर होऊन बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून आफ्रिकेत गेले. १९४६ पासून ते युगांडात सर्जन होते.

१९५७ मध्ये कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये जबडा विचित्र सुजलेला एक लहान मुलगा त्यांनी पाहिला. पुढे अशी आणखी मुलं सापडत गेली. हा आजार नेमका कुठे होतो हे शोधायला १९६१ मध्ये ते दोन मित्रांसोबत जुन्या गाडीतून सुमारे १०,००० मैल फिरले. तो कॅन्सर आज ‘बर्किट लिम्फोमा’ म्हणून ओळखला जातो. आजार नकाशावर मांडला की कारणाचा माग लागतो, हे त्यांना इथे उमगलं.

१९६६ मध्ये ते इंग्लंडला परतले. तिथे नौदलातले डॉक्टर क्लीव्ह भेटले. साखर आणि मैदा हेच अनेक आजारांचं मूळ आहे, असं क्लीव्ह यांचं म्हणणं होतं. बर्किट यांना युगांडा आठवला. तिथल्या खेड्यांत अपेंडिक्स, आतड्याचा कॅन्सर आणि लठ्ठपणा क्वचितच दिसायचा. इंग्लंडमधली हॉस्पिटलं मात्र अशा पेशंटांनी भरलेली.

मग त्यांनी चक्क शौचाचं वजन करायला घेतलं. १९७२ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. युगांडातल्या खेडुतांचं शौच दिवसाला सुमारे ४७० ग्रॅम, ब्रिटिश नौदलाच्या कुटुंबांचं जेमतेम १०४. खेडुतांच्या पोटातून अन्न ३६ तासांत बाहेर पडायचं, ब्रिटिशांना ८३ तास लागायचे. बर्किट यांच्या मते हा फरक फायबरचा होता.

वजनाचं कोडं ब्रिस्टलच्या केन हीटन यांच्या गटाने हाती घेतलं. १९७७ च्या प्रयोगात लोकांना अख्खं सफरचंद, त्याचा गर आणि रस दिला, साखर सगळ्यांत सारखीच. रस झटकन संपला, पण पोट सगळ्यात कमी त्यानेच भरलं. फायबर चावावं लागतं, म्हणून ते खाण्याला लगाम घालतं.

इकडे बर्किट शौचाचे फोटो दाखवत गावोगाव भाषणं देत होते. १९७९ मध्ये त्यांचं फायबरवरचं पुस्तक आलं आणि कोंडा लोकांच्या नाश्त्यात पोहोचला.

पण सगळं फायबर एकसारखं नसतं. १९८० मध्ये स्टीफन आणि कमिंग्ज यांनी दाखवलं, की गव्हाचा कोंडा बराचसा तसाच बाहेर पडतो आणि पाणी धरून शौच वाढवतो. कोबीचं फायबर मात्र आतड्यातले जिवाणू फस्त करतात आणि स्वतःच वाढतात. कांदा-लसणातलं इन्युलिनही त्यांचंच खाद्य. त्यातून ते ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, आणि आतड्याच्या अस्तराला त्यातून ऊर्जा मिळते. ओट्समधलं बीटा-ग्लुकन पोटात चिकट होतं, त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. म्हणून नुसता कोंडा फाकून सगळे फायदे मिळत नाहीत. वजनाचंही तेच. फायबरची पावडर एकटी फारसं वजन उतरवत नाही.

बर्किट यांचे सगळेच अंदाज खरे ठरले नाहीत. पायांच्या फुगलेल्या शिरांचा दोषही ते कमी फायबरला द्यायचे, ते सिद्ध झालं नाही. १९९३ मध्ये, ८२ व्या वर्षी ते गेले.

२०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यांतले २० जण यांच्या जेवणाची दोन आठवडे अदलाबदल केली. भरपूर फायबर मिळालेल्या अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट सुमारे अडीच पट झालं. बर्गर-सॉसेजवर आलेल्या खेडुतांचं निम्म्यावर घसरलं.

बर्किट यांनी बाहेरून मोजलेला फरक आतल्या जिवाणूंमध्ये फक्त १४ दिवसांत दिसला होता.